भुताची गलाई

आमचे सांगलीचे घरमालक कधी बसत नसत. खुर्चीला टेकलेच, तर ती तापलेली असावी अशा घाईने उठत. चहा उभ्याने, पेपर चालता चालता, आणि जेवण ताटली हातात घेऊन अंगणातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून पुन्हा अंगणात. मी घर बघायला गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मूळ गाव कुठलं म्हनायचं?"

"सातारा."

"म्हंजे पानी सोडनारी मानसं तुमी."

कोयनेचं धरण सातारा जिल्ह्यात आहे आणि तिथून सोडलेलं पाणी सांगलीत येऊन थडकतं, एवढ्यावरून त्यांनी मला कायमची आरोपी ठरवलं. तरी वरचा मजला भाड्याने दिला. खाली ते एकटे राहत.

गल्ली त्यांना शेठ म्हणायची. मूळचे विट्याकडचे. तिकडची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात; गलाई म्हणतात त्या धंद्याला. शेठ मिसरूड फुटायच्या आधी तमिळनाडूत गेले आणि उभी हयात एका कोंदट खोलीत भट्टीसमोर मांडी घालून बसले. आयुष्याच्या वाट्याचं सगळं बसणं तिथेच संपलं असावं. आता दुकान मुलगा बघत होता. शेठाणीही तिकडेच राहिल्या होत्या. ह्या गृहस्थाबरोबर एका घरात राहण्यापेक्षा तमिळ शिकणं सोपं गेलं, असं त्यांनीच मला एकदा फोनवर सांगितलं.

धंदा सुटला होता, सवयी सुटल्या नव्हत्या. सोनाराकडची झाडलोट कुणी फेकत नाही, तिच्यात सोन्याची धूळ असते. शेठांच्या सांगलीच्या घरात तशी धूळ असायचं काहीच कारण नव्हतं, पण रोजचा केर एका पत्र्याच्या डब्यात साठायचा आणि डबा भरला की ते तो चाळणीने चाळायचे. मी ह्या प्रकाराची मनसोक्त चेष्टा करत असे. एकदा त्या केरातून माझ्याच कानातल्याची हरवलेली फिरकी निघाली, आणि डब्याबद्दल बोलायचा माझा अधिकार संपला.

माणसंसुद्धा ते टंचावर मोजत. टंच म्हणजे सोन्यातला शुद्धपणा. नगरसेवक हात जोडून, हसून, गल्लीला पाठ दाखवून गेले की शेठ म्हणत, "वरनं पिवळं लय हाय. आत तांबं." मी कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या प्राचार्यांना त्यांनी एकदाच, फाटकातून पाहिलं आणि सांगितलं, "निस्ता मुलामा." माझा टंच विचारला तर म्हणाले, "गाळल्याबिगर सांगत न्हाई बाई. धंद्याची रीत हाय."

रीती ते फार सांगत, आणि सांगताना छाती पुढे काढत. त्यातल्या दोन ठरलेल्या. "दुसऱ्याचा माल दुकानात असंल तवर दुकान सोडायचं न्हाई. मग आग लागू दे न्हाईतर काय बी हू दे. आन गाळून झाला की ज्याचा माल त्येच्या घरापातूर जाऊन, आपल्या हातानं द्यायचा. गड्याच्या हाती धाडायचा न्हाई." अशी तत्त्वं भिंतीवर लावलेली खूप दुकानं मी पाहिली आहेत. त्यामुळे मी मान डोलावून जिना चढत असे.

मग पूर आला.

तो पूर सांगलीतल्या कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खालचा मजला पाण्याखाली गेला, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून गेल्या, आणि आम्हाला न्यायला होडी थेट आमच्या दाराशी आली. नवरा लोणंदच्या कारखान्यात. तो शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचा, त्यामुळे त्या दिवशी घरात मी आणि माझी मुलगी सई, दोघीच. सई तेव्हा बालवाडीत होती. शेठ आदल्या दिवशीच वर आमच्याकडे आले होते आणि आमच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते. होडीवाला म्हणाला, "चला की शेठ."

"तुमी जावा. हितं ह्यांचं सामान हाय."

"अहो, काय सामान?" मी म्हटलं. "एक मिक्सर आणि पुस्तकं. जाऊ द्या."

"तुमचं हाय न्हवं? मग माज्याकडं ठेव हाय त्ये. बसा होडीत. पोरीला धरा."

भिंतीवरची तत्त्वं पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो नेमका माझ्या मिक्सरसाठी पाळत होता. होडी निघाली. सई मागे वळून बघत होती. गच्चीवर पांढरा शर्ट इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आम्हाला एका मंगल कार्यालयात ठेवलं. शेठांचा फोन लागेना. पाणी वाढतच होतं. गल्लीतली मंडळी सतरंजीवर बसून दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलत होती. "शेठ गेलंच म्हनायचं आता." "हट्टी मानूस. गेला बिचारा." सई माझ्या मांडीवर होती. मला वाटलं ती झोपली आहे.

पाणी उतरलं. आम्ही परतलो तर शेठ जिन्याच्या तोंडाशी गुडघाभर चिखलात उभे, दाढी वाढलेली, शर्ट कुठलाच रंग न उरलेला. "मिक्सर चालू करून बघा," एवढंच बोलले. मग अख्खी गल्ली चिखल बाहेर फेकत असताना त्यांनी त्यातला एक डबाभर वाळवून, चाळून ठेवला.

भूत त्यानंतर आलं.

सई पहिलीत गेली होती. एके दिवशी तिने जाहीर केलं की जिन्यात भूत आहे. ते ओलं असतं. त्याला नदीचा वास येतो. ते खालून वर येत नाही, नुसतं चालत राहतं. अंधार पडायला लागला की ती जिन्याकडे तोंडसुद्धा करेना. मग सकाळीही करेना. शाळेत न्यायचं तर मी तिला उचलून, तिचे डोळे माझ्या खांद्यात, असा जिना उतरायचा. झोप तर गेलीच. मी माझ्या परीने बुद्धिवादी आहे. मी तिला शांतपणे सांगितलं की भूत नसतं. तिने तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते चालतंय ते काय आहे?"

शाळेने त्याच सुमारास पालकांसाठी व्याख्यान ठेवलं. "भयमुक्त बालपण". व्यासपीठावर फ्लेक्स, समई, शाल, नारळ. वक्त्यांचा परिचय वक्त्यांच्या भाषणापेक्षा लांबला आणि तो तेवढा लांबेपर्यंत वक्ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी सांगितलेला उपाय असा की मुलाकडून भुताचं चित्र काढून घ्यावं आणि त्याच्याच हाताने ते फाडायला लावावं. मी घरी येऊन तसं केलं. सईने चित्र फाडलं, तुकड्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. एक भूत होतं तेव्हा ते निदान जिन्यात होतं. आता त्याचे तुकडे झाले होते आणि ते कुठेही जाऊ शकत होते. त्या रात्रीपासून आम्ही दिवा घालवणं बंद केलं.

नवरा म्हणाला, "साताऱ्याला ठेवू या तिला तुझ्या आईकडे. वर्षभर. तिथे शाळा आहेत की."

तो चिडून बोलत नव्हता, हीच भीती होती. मला दुसरा उपाय सुचत नव्हता. मी आईला फोनही करून ठेवला. सईला हे सांगितलं नव्हतं, पण ती माझ्या पदराला घट्ट धरून घरभर फिरायला लागली होती.

शेठांना हे कळलं ते मी तिला कडेवर घेऊन जिना उतरताना. ते व्हरांड्यात फेऱ्या मारत होते.

"काय गं पोरी, पाय मोडलं का काय?"

"जिन्यात भूत आहे," सई माझ्या खांद्यातून म्हणाली.

मला वाटलं आता हसणार. ते थांबले नाहीत, हसलेही नाहीत. "हाय म्हनतीस? मग हाय. किती टंच हाय त्ये बघाय लागंल."

"शेठ," मी म्हटलं, "तिला आणखी नका..."

"बाई, गिऱ्हाईक माल घिऊन आलं की हे सोनंच न्हाई म्हनून भांडत बसायचं नसतं. गाळायचं. जे जळायचं त्ये जळतंय, ऱ्हायाचं त्ये ऱ्हातंय."

त्याच संध्याकाळी व्हरांड्यात भट्टी लागली. विस्तव नव्हता. तीन विटा, त्यांच्यामध्ये सोनं वितळवायची खरीखुरी मातीची मूस, आणि भात्याच्या जागी सायकलचा पंप. रीत अशी की भुताची एकेक गोष्ट सांगायची, तिच्या नावाने एकेक वस्तू मुशीत टाकायची, पंप मारायचा, आणि मग शेठ आणि भुताचा मालक मिळून ती गोष्ट कुठून आली ते शोधत हिंडणार. सापडली की वस्तू मुशीतून बाहेर. "ही भेसळ निघाली."

सई पहिल्या दिवशी माझ्या कडेवरूनच बघत राहिली. पण गल्लीत पोरांना भुतांचा तुटवडा नव्हता. कुणाचं बाथरूमच्या जाळीतलं, कुणाचं गच्चीच्या टाकीतलं. शेजारच्या ओंकारचं भूत फार खतरनाक, जेवलं नाही तर पोट फाडणारं. शेठांनी ते गाळत गाळत शेवटाला नेलं तर मुशीत ओंकारचा मामा उरला. त्यानेच ते भूत बनवून ताटाशेजारी बसवलं होतं. शेठांनी मामाला फाटकातूनच हाक मारली. "ओ पावणं, तुमचा माल हाय. घिऊन जावा." मामा अंगठ्या घातलेला, गाडीवर स्वतःचं नाव लिहिलेला माणूस. त्याला सगळ्या पोरांसमोर ओंजळ पुढे करून ते भूत घ्यावं लागलं. घेतल्यावर ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. त्याने खिशात ठेवलं. ओंकार त्या दिवशी दोनदा जेवला.

मग सई खाली उतरली. माझ्या कडेवरून, स्वतःहून.

तिच्या भुताची गलाई लांबली. नदीचा वास म्हणून तिने डांबरगोळी टाकली. ती पुराच्या चिखलाच्या डब्यापाशी निघाली, कारण शेठ त्याचं झाकण कधी लावत नसत. ओलेपणा म्हणून स्पंजाचा तुकडा. तो खालच्या नळापाशी निघाला, जिथे कुणीतरी दिवसातून कितीदा तरी पाय धुतं. चालण्यासाठी तिने बाटलीचं झाकण टाकलं होतं. ते काही कुठे निघेना. शेठ तिला घेऊन जिन्याखाली, टाकीमागे, गल्लीच्या टोकापर्यंत शोधत हिंडत होते, चपला फटफटवत. मला वरून ऐकू येत होतं. मला एव्हाना कळलं होतं की ते चालणं कुणाचं आहे. त्यांना कळलं नव्हतं. माणसाला आपल्या येरझाऱ्या ऐकू येत नसाव्यात.

पण सईला काही उतार पडेना. उलट ती जास्तच अस्वस्थ झाली. एकेक वस्तू मुशीतून निघेल तशी ती शेठांपासून एकेक पाऊल मागे सरकायला लागली. मी म्हटलं, "शेठ, पुरे करा. रविवारी मी तिला साताऱ्याला पोचवतेय."

"आर्धवट गाळलेला माल परत देत न्हाईत बाई. बोल गं पोरी. काय ऱ्हायलंय आत?"

सईने मूठ उघडली. तिच्यात एक पांढरं बटण होतं. पूर ओसरल्यावर जिन्यात सापडलेलं, तिने तेव्हापासून दप्तरात ठेवलेलं. ते तिने मुशीत टाकलं.

"हे काय?"

"तुमचं आहे."

"माजं?"

"तुम्ही पुरात गेलात ना," सई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळे म्हणाले गेले. मी ऐकलं. मग तुम्ही परत आलात. ओले."

शेठ उभे होते, ते उभेच राहिले. त्यांचे पाय थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला मंगल कार्यालयातली सतरंजी आठवली. पुरापासून आजवर, म्हणजे वर्षभर, ही पोर एका भुताच्या घरात भाड्याने राहत होती, आणि रोज त्याच्या हातून चिंचा घेऊन खात होती, नाही म्हणायची भीती वाटते म्हणून.

"बरं," शेठ हळू म्हणाले. "मग माजाच टंच काढाय लागंल. भुताची वळख काय सांग."

"पाय उलटे असतात."

ते आत गेले आणि केराचा डबा घेऊन आले. कित्येक दिवसांचा, अजून न चाळलेला. त्यांनी तो अख्खा व्हरांड्यात ओतला. फरशीवर बारीक राखाडी थर पसरला. चपला काढल्या आणि त्यावरून चालत गेले, टोकापर्यंत, आणि वळून परत आले. "बघ."

सईने गुडघ्यांवर बसून प्रत्येक पाऊल तपासलं. अंगठा कुठे, टाच कुठे. एका पावलात तिने आपला हात ठेवून पाहिला.

"सरळ आहेत."

"मग झालं तर."

"आत्ता सरळ आहेत," सई म्हणाली. "परत पाणी आलं की तुम्ही आमच्याबरोबर येणार नाही. मग तेव्हा?"

इथे कुणाही शहाण्या माणसाने येतो म्हणून टाकलं असतं. मी त्यांना खूण केली. शेठांनी माझ्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं.

"खोटं कसं सांगू पोरी. घरात दुसऱ्याचा माल असंल तर मला सोडता येत न्हाई."

त्यांनी मुशीतून चालण्याचं झाकण बाहेर काढलं, राहिलेलं ते बटण हलवून पाहिलं, मुशीचं तोंड ओल्या मातीने बंद केलं आणि मूस आपल्या देवळीत ठेवली. "ह्यो तुजा माल. निघाला तेवढा निघाला. ऱ्हायला त्यो माज्याकडं ठेव."

त्या दिवसापासून सई जिना स्वतःच्या पायाने उतरू लागली. झोपायची मात्र दिवा लावूनच, आणि मधूनच उठून विचारायची, "पाऊस आहे का?" मी साताऱ्याचा बेत पुढे ढकलला. रद्द केला असं म्हणायची हिंमत नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात गल्ली पुन्हा सैरभैर झाली. जो तो फोनमध्ये डोकं घालून धरणातून किती पाणी सोडलं ते बघतोय, मग खात्री वाटेना म्हणून पुलावर जाऊन प्रत्यक्ष बघून येतोय, परत फोन. एका सकाळी महापालिकेची गाडी भोंगा लावून फिरून गेली. नवऱ्याने लोणंदहून टेम्पो धाडला. ह्या वेळी आम्ही पाण्याची वाट बघणार नव्हतो. दोन बॅगा, सई आणि मी.

"शेठ, चला. साताऱ्याला. आईचं घर मोठं आहे."

"साताऱ्याला?" शेठ माझी पुस्तकं माळ्यावर चढवत होते. "पानी सोडनाऱ्यांच्या घरी? आन ही पुस्तकं? तुमी निघा. मी हाय."

मी वाद घातला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. ते खाली उतरले, वर चढले, पुन्हा खाली आले, पुस्तकांचा गठ्ठा हातात तसाच. मी सईला उचलून टेम्पोत बसवलं. तिचा चेहरा पुराच्या वेळेसारखाच मागे वळायला लागला होता.

मग ती टेम्पोतून उतरली. घरात गेली, स्टूल ओढून देवळीतली मूस काढली आणि शेठांसमोर येऊन उभी राहिली.

"माझा माल गाळून झाला का?"

"झाला की. कवाच."

"मी साताऱ्याला चाललेय."

"मग घिऊन जा. तुजाच हाय."

सईने मूस त्यांच्या हातातल्या पुस्तकांवर ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले. "घरापर्यंत. आपल्या हाताने."

शेठांनी माझ्याकडे पाहिलं, मी शिकवलं असावं ह्या संशयाने. मी खरंच काही शिकवलं नव्हतं. मला ते सुचलं असतं तर मी वर्षभर बुद्धिवादी राहिले नसते. ते दारापर्यंत गेले. माघारी आले. घराकडे पाहिलं, मुशीकडे पाहिलं. उभ्या हयातीत त्यांचे दोन कायदे एकमेकांना आडवे आले नसावेत.

"आरं, हिला काय सांगू आता," ते टेम्पोवाल्याला म्हणाले.

"आवं, बसा की," टेम्पोवाला म्हणाला. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

ते बसले. म्हणजे टेम्पोत बसतात तसे. साताऱ्यापर्यंत त्यांचे गुडघे हलत होते आणि मूस दोन्ही हातांत धरलेली. कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा तीही घेऊन त्यांनी चहाच्या टपरीभोवती फेऱ्या मारल्या.

आईच्या उंबऱ्यात त्यांनी मूस सईच्या हातात दिली, अगदी धंद्याच्या पद्धतीने, दोन्ही हातांनी. "तपासून घे."

सईने मातीचं तोंड फोडलं, बटण काढलं, उजेडात धरलं, परत आत टाकलं आणि मूस त्यांच्या हातात ठेवली.

"अजून एकदा गाळायचंय. तुमच्याकडे ठेव."

"म्हंजे मला परत..."

"माल इथे आहे ना," सई म्हणाली, "मग इथून जायचं नाही."

शेठ आईला म्हणाले, "तुमच्या नातीचा टंच पक्का हाय." तेवढं बोलून ते चपला काढून आईच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. सातारा जिल्ह्याचे एकूणच जाहीर वाभाडे काढत, धरणवाल्यांना तमिळमध्ये काहीतरी सुनावत.

जेवण झालं. दुपारचं ऊन नव्हतंच, बाहेर नुसतं राखाडी. सई दिवाणावर आडवी झाली. बाहेरून पावलं येत होती, टोकापर्यंत, वळून परत, टोकापर्यंत. आई हळूच म्हणाली, "त्यांना सांगू का बसायला? पोर झोपतेय."

तेवढ्यात फोन वाजला म्हणून शेठ थांबले असावेत. पावलं थांबली. सईने मान उचलली. डोळे उघडे, रात्री पाऊस विचारताना असायचे तसे.

पावलं पुन्हा सुरू झाली. तिने मान खाली टाकली आणि दिवा न लावता झोपून गेली.